मदत हवी आहे: थर्मल कॅमेऱ्यात डावा तळवा कायम गरम

कळव्याला दर रविवारी मधुमेहींचे पाय तपासतो. १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) आणि पायाची नाडी आहेच, जोडीला आता फोनला लावायचा १६० × १२० पिक्सेलचा थर्मल कॅमेरा. जखमेच्या धोक्याचा निकष नेहमीचा: दोन्ही तळव्यांच्या त्याच जागी २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक, लागोपाठ दोन दिवस. दुसरं मोजमाप घरी इन्फ्रारेड थर्मामीटरने.

अडचण अशी की जवळपास प्रत्येकाचा डावा तळवा दीड-दोन अंशांनी गरम येतो. सगळ्यांचे डावेच पाय कसे बिघडतील?

कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णता किती उत्सर्जित करतो त्याचं प्रमाण) ०.९८ आहे. मोजे काढून १५ मिनिटं थांबवतो, पंखा बंद, पावसात भिजलेले पाय आधी टिपून घेतो (ओल उडताना कातडी गार पडते). रंगांची पट्टी २४ ते ३६ अंशांवर बांधली आहे, ऑटोवर प्रत्येक फोटोत लाल रंगाचा अर्थच बदलतो. कॅमेराही आधी १० मिनिटं चालू ठेवतो. शेवटी तो उलटा धरून पाहिला, तर उजवा तळवा गरम! म्हणजे दोष सेन्सरच्या एका बाजूचा. शटर कॅलिब्रेशनने (आतलं शटर क्षणभर बंद करून कॅमेरा सेन्सर जुळवतो ते) जेमतेम अर्धा अंश सुटला.

फोटोतून प्रत्येक पिक्सेलचं तापमान काढता येतं, पण शिबिरात लॅपटॉप नाही आणि माणशी तीनच मिनिटं मिळतात. सुलट-उलट दोन फोटोंची सरासरी चालेल, की सपाट, एकसमान पृष्ठभागाचा फोटो घेऊन तो वजा करावा? वजा करायचा तर पृष्ठभाग कशाचा, किती तापमानाचा, आणि दर किती वेळाने?