मदत हवी आहे : शेजारी आमच्या वरकस रानात शिकारीला येतात, काय करता येईल?

मंडळी, जरा लांबण लागेल, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय कोणी सल्ला तरी काय देणार.

मुळशी तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खाली ओढ्यालगत भाताची खाचरं, वर डोंगराच्या पोटाला वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. आम्ही कोथरूडला राहतो. पावसाळ्यात इंद्रायणी लावतो, बाकी वर्षभर एक गडी कुटुंबासह तिथे राहून गुरं बघतो. वरच्या रानाला बऱ्याच वर्षांत कुऱ्हाड लागलेली नाही, त्यामुळे करवंदीच्या जाळ्या आणि ऐन-किंजळ माजलेत. रानडुक्कर, भेकर, ससे, मोर, सगळं त्यात आहे. बिबट्याही येऊन-जाऊन असतो.

शेजारचा गट तात्यांचा. नात्याने कोणी नाहीत, पण वडील आणि ते एका शाळेत होते आणि वडिलांच्या दहाव्याची सगळी व्यवस्था तात्यांनी अंगावर घेतली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण "ठोका तक्रार" असं इथे कोणीतरी लिहिणारच आहे.

त्यांच्याकडे शिमग्याच्या सुमारास पारधीची रीत जुनी. हाका घालायचा, वाघर (जाळं) लावायची, डुक्कर पडलं की वाटे. वडील कधी त्यात गेले नाहीत, पण आडही आले नाहीत. आता रीत राहिली बाजूला. तात्यांचा मुलगा हिंजवडी-वाकडकडचे "पाहुणे" घेऊन येतो, कपाळाला बॅटऱ्या लावून रात्री रान उठवतात, सकाळी बांधावर बाटल्या. गड्याने दोनदा आवाज ऐकलाय, बंदुकीचा की सुतळी बॉम्बचा हे त्याला सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात गड्याचा कुत्रा दोन रात्री घरी आला नाही. सापडला तो आमच्याच हद्दीत, निदान आम्ही जिला आमची हद्द समजतो तिथे. मोटारसायकलच्या क्लचची तार, एक टोक करवंदीच्या बुंध्याला पीळ देऊन बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा फास पायवाटेवर वीतभर उंचीवर. दोन्ही बाजूंना काटक्या रोवून असं कुंपण केलेलं की जनावराने फासातूनच जावं. कुत्र्याच्या कमरेत तार इतकी रुतली होती की वरून दिसतच नव्हती, केस बाजूला केल्यावर कळलं. गड्याने पकडीने तोडली. कुत्रा वाचला, मागचा एक पाय ओढत चालतो.

तात्यांकडे गेलो. चहा झाला. मग म्हणाले, "अरे, रानात फिरायला कोणी कोणाला विचारतं का? तुझ्या आजोबांच्या वेळेपासून आम्ही त्याच डगरीवर बसतोय. आणि आमची वाट तुझ्यातूनच जाते, ती काय आज बंद करणार?" निघताना हसून, "डुक्कर तुझंही भात खातंच की. तुझा वाटा घरपोच करतो."

मला कळत नाहीये ते असं. पिढ्यान्‌पिढ्या शिकार केली म्हणून त्यांना आमच्या रानात तसा काही हक्क लागतो का? उद्या फासात भेकर किंवा बिबट्या सापडला तर जमीन माझी म्हणून मी अडकणार का? कुंपण घालावं म्हटलं तर मधली दगडी ताल कधीच ढासळली आहे, नेमकी शीव कुठे यावर एकमत नाही. आणि तक्रार करायचीच तर पोलीस की वनखातं? शक्यतो तात्यांशी वैर नको आहे.

बांधकोरू

महसूलमध्ये आयुष्य गेलं, म्हणून जमिनीपुरतं सांगतो, शिकारीचं जाणकार सांगतील.

तात्यांनी तुम्हाला वाट, शीव आणि शिकार एकाच टोपलीत घालून दिलीय. आधी वाट बाजूला काढा, कारण तिथे त्यांची बाजू बळकट असू शकते. शेतात जायची वहिवाटीची वाट तुम्ही अडवलीत तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली ते तहसीलदाराकडे दावा लावतील आणि बहुधा जिंकतील. अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा करायचा असतो. बांधावरून वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्काने वापर असेल तर सुविधाधिकार कायदा १८८२ चाही आधार मिळतो. तेव्हा कुंपण घाला, पण वाटेवर फाटक ठेवा आणि त्याला कुलूप लावू नका.

मात्र वाट ज्या कामासाठी मिळते त्याच कामापुरती असते. बैल, नांगर, भाताचे भारे, माणसं, हे सगळं जाऊ द्या. वाटेवरून उतरून तुमच्या करवंदीत शिरायचा हक्क त्यातून येत नाही.

शिवेचं म्हणाल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज ऑनलाइन करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी तात्यांना स्वतः घेऊन या, घरच्या माणसासारखं. खुणा त्यांच्यादेखत रोवल्या गेल्या की निम्मा वाद तिथेच मिटतो, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. मोजणीची 'क' प्रत जपून ठेवा.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही. मुळशी-मावळ-वेल्ह्याकडे डोंगरउताराच्या गटांवर सातबाऱ्याच्या इतर हक्कात "राखीव वन" किंवा खाजगी वनाची नोंद सापडते, १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे. ताजा सातबारा आणि जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून बघा. वरचं रान कागदावर सरकारचंच निघालं तर सगळं गणित बदलतं.

रातकिडा

वाटा आला का मग घरी? (हलके घ्या.)

काळाकोट

रातकिड्याने गमतीत विचारलंय, पण मुद्दा तोच गंभीर आहे. त्यावर शेवटी येतो.

आपल्याकडे लोकांचा समज असा की आपल्या जमिनीतलं जनावर आपलं, आणि मालकाने हो म्हटलं की शिकार चालते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकारीलाच बंदी घातली आहे. जमीन तात्यांची असो, तुमची असो की गायरान. तुमच्या आजोबांनी स्टँपपेपरवर परवानगी लिहून दिली असती तरी तिची किंमत शून्य, कारण ती द्यायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. जे काम कायद्यानेच बंद केलंय त्याची वहिवाट लागत नाही. म्हणून "तुमच्या रानात येऊ नका" यापेक्षा "कुठेच करू नका" असं बोलणं सुरू करा. तात्यांनाही ते कमी झोंबेल. त्यात तुझी हद्द-माझी हद्द उरत नाही.

शिकार म्हणजे गोळी घालणंच असं नाही. फास लावणं, जाळं लावणं, विष घालणं, हाका घालून हुसकणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं व्याख्येत बसतं. रिकामा फास सापडला तरी गुन्हा होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर कायद्याच्या अनुसूची २ मध्ये (संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत) आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिबट्या आणि मोर अनुसूची १ मध्ये. तिथे किमान तीन वर्षं, सातपर्यंत, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. क्लचच्या तारेला डुक्कर कोण आणि बिबट्या कोण ते कळत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या गेला की लावणारा थेट अनुसूची १ च्या शिक्षेत जाऊन बसतो. मुलाला हे एकदा शांतपणे ऐकवा. शिवाय हत्यार आणि वाहन जप्त होतं. कर्जावर घेतलेली गाडी खात्याच्या आवारात धूळ खात पडणार म्हटलं की पाहुण्यांचा उत्साह मावळतो.

तुम्ही अडकाल का? जमीन तुमची एवढ्यावरून नाही. पण मदत करणाराही कायद्याने गुन्हेगार धरला जातो, आणि माहीत असून गप्प बसलेला मालक चौकशीत फार खुलासे देत बसतो. म्हणून वनक्षेत्रपालाकडे साधा लेखी अर्ज द्या : अमुक गटात तारेचा फास आढळला, फोटो जोडले आहेत, गस्त घालावी. कोणाचं नाव घालायची गरज नाही, तुम्ही कोणाला लावताना पाहिलेलंही नाही. पोच घ्या.

पोलिसांकडे कधी? बंदूक दिसली किंवा अंगावर आले तर. ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. नुसतं जमिनीत शिरणं म्हणजे आपोआप फौजदारी अतिक्रमण नव्हे, गुन्हा करायचा किंवा धमकवायचा-त्रास द्यायचा हेतू लागतो (भारतीय न्याय संहिता, कलम ३२९). शिकारीसाठी शिरले तर तो हेतू आयताच सापडतो.

आता वाटा. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं, कलम ३९. तसलं मांस हातात पडलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. फ्रीजमध्ये ठेवलंत तर तुम्हीही त्याच पंगतीत.

भातखाचर

वरचे प्रतिसाद बरोबरच असतील. पण कोथरूडला बसून करवंदीच्या जाळ्यांचं कौतुक करणं सोपं आहे हो. तुमचं माजलेलं रान म्हणजे डुकरांचा वाडा. दिवसा तुमच्यात झोपतात, रात्री शेजाऱ्याच्या भातात. दाणा दुधात असताना एक कळप एका रात्रीत खाचर लोळवतो. खातो थोडं, तुडवतो सगळं. मी भोरकडचा, आमच्याकडे भुईमूग लावायचं लोकांनी सोडून दिलंय. तात्या हसत बोलले त्यात थोडी चीडही असेल, ती ऐकू आली का तुम्हाला?

मी फास लावणाऱ्यांच्या बाजूने नाही. गावठी बॉम्बने जबडा फाटलेली गाय बघितली आहे, नंतर चार दिवस जेवण गेलं नव्हतं. पण नुकसान खरं असेल तर रस्ते आहेत. पीक खाल्लं की लगेच, तीन दिवसांच्या आत, वनखात्याला कळवायचं, पंचनामा होतो, भरपाई मिळते. उशिरा मिळते आणि नुकसानाच्या मानाने थोडी मिळते, पण मिळते. राज्याने २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) मारायचा परवाना द्यायचे अधिकार वनक्षेत्रपालाला दिलेत. त्याला अटी आहेत, परवान्याची बंदूक लागते आणि मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यावं लागतं. म्हणजे वाटे नाहीत. तिथेच पुष्कळ जणांचा रस संपतो.

तुम्ही दोघांनी मिळून खाचरांभोवती सौर कुंपण केलं तर? खर्चाचा मोठा वाटा तुम्ही उचला, रान तुमचं आहे. मात्र कोणी लाइटच्या खांबावरून तार टाकून कुंपणात करंट सोडू असं म्हणालं तर तिथून उठून या. त्यात माणसं मेली आहेत.

काळाकोट

भातखाचर यांच्याशी सहमत. एक पुस्ती : "डुक्कर उपद्रवी जाहीर झालंय, आता मोकळं रान" असं गावोगाव ऐकू येतं. ते बिहार आणि उत्तराखंडात ठरावीक भागांत, ठरावीक काळापुरतं झालं होतं. आपल्याकडचा मार्ग परवान्याचाच.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. भातखाचर, तुमचं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तात्यांचा खालचा तुकडा यंदा निम्मा आडवा झाला होता हे गड्याकडून आजच कळलं. मला ते बोललेही नव्हते.

सातबारा काढला, इतर हक्कात वनाची नोंद नाही. जुने फेरफार अजून बघायचेत. मोजणीचा अर्ज करतोय आणि नोटीस जायच्या आत तात्यांना स्वतः जाऊन सांगणार आहे. सौर कुंपणाचा विषयही त्याच बैठकीत काढतो. अर्जाची पोच आधी घेऊ की बोलणं आधी?

वाटा परवा खरंच आला होता. गड्याच्या बायकोने "मालकांकडे वार आहे" म्हणून दारातूनच परत पाठवला.

काळाकोट

बोलणं आधी, पण दुसऱ्याच दिवशी अर्ज. आणि बोलताना सांगून टाका की मी अर्ज देणार आहे, नाव कोणाचंच नाही. मागाहून कळलं तर ते पाठीत वार समजतील.

रानभूल

वन्यप्राणी बचावाच्या कामात असते, त्यामुळे फासाबद्दल. गड्याला सांगा, रिकामा फास दिसला तर आधी जागेसकट फोटो, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून, मग वनरक्षकाला फोन. खात्याची मदतवाहिनी १९२६. काढायचा तो पंचनाम्यानंतर, कारण पुरावा तोच आहे. एक सापडला म्हणजे त्याच पायवाटेवर पुढेमागे आणखी असतात, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटा आधी बघा. जनावर अडकलेलं असेल तर जवळ जायचं नाही, गर्दी जमू द्यायची नाही, बिबट्या असेल तर मुळीच नाही. धडपडीत बुंधा सुटतो आणि तारेसकट तो माणसांवर येतो. कुत्र्यालाही एकदा डॉक्टरांना दाखवा. तार काढल्यावर वरून जखम भरते पण आत रक्तपुरवठा तुटलेला असतो, पाय ओढतोय ते कदाचित त्यामुळेच.

कॅमेरा लावायचा विचार असेल तर तुमच्या हद्दीत, पायवाटेकडे तोंड करून आणि गुडघ्याच्या वर नको. तात्यांच्या घराकडे किंवा त्यांच्या बायका पाण्याला जातात त्या वाटेकडे तोंड गेलं, तर शिकारीचा विषय राहील बाजूला आणि गाव तुमच्यावर उठेल.