झेडपी की इंग्रजी माध्यम?
‘झेडपीत (जिल्हा परिषदेच्या शाळेत) घातलं तर पोरगं मागं पडेल’ हे काही मला पटलं नाही. माझी मुलगी दोन वर्षं सांगलीत इंग्रजी माध्यमात होती. फी, बस, वर ट्यूशन, आणि गृहपाठ करायचो आम्हीच! आता मिरज तालुक्यातल्या गावच्या शाळेत आहे, सेमी-इंग्रजीला. पुस्तकं, गणवेश, दुपारची खिचडी सगळं फुकट. (खिचडीवर तर जास्तच खूश आहे.)

पण शाळेचा पट (मुलांची संख्या) बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. मग चार वर्ग दोघांत, त्यात निवडणुकीची कामं. बाई कितीही चांगल्या असल्या तरी ओढाताण होते.

खासगीच हवी आणि वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल, तर याच कायद्यानं खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज भरा. नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही.