दुसऱ्याच्या नावाने लिहिताना आपलं लेखन कसं राखायचं?

महापे_दुपारपाळी विचारतात:
महाप्यातल्या रसायन कंपनीत जनसंपर्काचं काम आहे, विभागात दोघंच. प्रेसनोट, गृहपत्रिका, एमडींच्या नावाने लिंक्डइनच्या पोस्ट, शिवाय ठाणे-नवी मुंबईच्या स्थानिक पानांसाठी मराठी मजकूर. सगळं 'अग्रगण्य', 'कटिबद्ध' आणि 'मैलाचा दगड' या तीन खुंट्यांवर टांगलेलं. दोन प्रश्न आहेत. साहेबांच्या तोंडी घातलेलं वाक्य खोटं वाटू नये यासाठी काय करायचं? आणि सगळं दुसऱ्याच्या नावावर जात असताना आपली वाढ कशावरून ओळखायची? 'मनापासून लिहा' सोडून काहीही सांगा.

ऐरोलीकर:
तोंडी घालू नका, तोंडून काढा. नोट लिहायच्या आधी साहेबांची २० मिनिटं मागा आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. 'या प्रकल्पाबद्दल काय वाटतं?' असं विचारलंत की 'अभिमान वाटतो' हेच येणार. त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षी आकडा काय होता? कुठे अडकलं? कोणी सोडवलं? अजून काय बाकी आहे? तिसऱ्या प्रश्नाला माणूस नाव घेऊन बोलतो, आणि तेच वाक्य छापण्यासारखं असतं.

त्यातून दोन वाक्यं उचला, मिळून ३५-४० शब्दांच्या पुढे नको. मग त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा. जिथे अडखळतील तो शब्द तुमचा आहे, त्यांचा नाही, काढून टाका. होकार मेलवर घ्या, तोंडी नको.

खाडीपलीकडे:
आवाज खरा आणि आकडा पोकळ असेल तर उपयोग शून्य. रसायन कंपनीत घात तिथेच होतो. प्रत्येक नोटेमागे एक एक्सेल ठेवा, चार रकान्यांचं: दावा, आकडा, कोणत्या कागदावरून घेतला, प्रश्न आला तर उत्तर कोण देणार.

समजा वाक्य आहे, 'आम्ही ४० टक्के पाण्याचा पुनर्वापर करतो.' ४० टक्के कशाचे? रोज १०० घनमीटर पाणी घेतलं, त्यातलं ६० ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) गेलं आणि प्रक्रियेनंतर २४ कूलिंग टॉवरला परत वापरलं, तर ईटीपीच्या हिशेबाने ४० टक्के होतात, घेतलेल्या पाण्याच्या हिशेबाने २४. दोन्ही बरोबर, पण छेद न सांगता ४० छापणं ही चलाखी. मीटरची नोंदवही स्वतः बघा, सलग १२ महिन्यांची; चांगले तीन महिने वेचलेली नको. झाडांचंही तसंच. '५,००० झाडं लावली' यात लावली वेगळं, जगली वेगळं. दोन पावसाळ्यांनंतरची मोजणी नसेल तर 'लावली' एवढंच लिहा.

जाहिरातींतल्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी एएससीआयची (जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वं १५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. 'पर्यावरणपूरक' असं सरसकट म्हणायचं तर पुरावाही तेवढाच भक्कम लागतो. प्रेसनोट म्हणजे जाहिरात नव्हे, असं कोणीतरी म्हणेलच. पण तेच वाक्य पुढच्या आठवड्यात माहितीपत्रकावर चढतं.

कंपनी शेअर बाजारात असेल तर सेबीच्या एलओडीआरमधला (शेअर बाजारातल्या कंपन्यांनी माहिती जाहीर करण्याच्या नियमांतला) नियम ३० पाठ हवा. संचालक मंडळाचा निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत एक्सचेंजला कळवायचा (बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तास), कंपनीच्या आत घडलेली महत्त्वाची घटना १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत. आधी एक्सचेंज, मग पत्रकारांचा व्हॉट्सॲप ग्रुप. हा क्रम उलटला की साहेबांच्या वाक्याचं सौंदर्य कोणी विचारत नाही.

आणि आग लागली तर 'किरकोळ' हा शब्द अग्निशमन दलाने वापरल्याशिवाय तुम्ही वापरू नका. किती वाजता, कुठल्या युनिटमध्ये, माणसं बाहेर आली का, पुढची माहिती किती वाजता देणार. पहिल्या निवेदनात एवढंच.

कोपरी_पूर्व:
मराठी नोट इंग्रजीवरून उतरवणं थांबवा, निम्मा खोटेपणा तिथूनच येतो. 'आमच्या अत्याधुनिक सुविधेचे उद्घाटन जाहीर करताना आम्हाला आनंद होत आहे.' सुविधा कसली? तो कारखाना आहे. असं लिहा: 'रबाळे एमआयडीसीतील रंगद्रव्यांचा नवा कारखाना सोमवारी सुरू झाला. येथे १२० जणांना काम मिळाले असून त्यापैकी ७० जण ऐरोली, दिघा व कळवा येथील आहेत.' स्थानिक पानाच्या उपसंपादकाला दुसरं वाक्यच हवं असतं.

२५०-३०० शब्द, एक पान, दुपारी ४ च्या आत. युनिकोडमधली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ. पानं जुन्या फाँटमध्ये लागत असतील तर रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं मोडतात, मग ताडून बघायला पीडीएफ कामी येते. फोटो दोनच, नावं 'डावीकडून' क्रमाने.

घणसोली_से७:
दुसऱ्या प्रश्नाचं. पहिला मसुदा आणि छापून गेलेला मजकूर, दोन्ही जपून ठेवा. प्रत्येक बदलापुढे एक शब्द लिहा: तथ्य, भाषा किंवा भीती. सहा महिन्यांनी मोजा. 'तथ्य' कमी झालं असेल तर तुम्ही प्रश्न नीट विचारायला लागलात. 'भाषा' कमी झालं तर हात बसला. 'भीती' तुमच्याने कमी होणार नाही, ती वरून येते. पण तीच सगळ्यात जास्त निघाली तर नोकरी बदलण्याचा विचार करायला हरकत नाही.

नावासाठी गृहपत्रिकेत एक सदर मागून घ्या, प्लांटमधल्या कामांवर, तुमच्या नावाने. आणि मुलाखतीला जाताना एमडींच्या पोस्ट 'माझं लेखन' म्हणून दाखवू नका. कामाची पद्धत सांगा, मजकूर त्यांचा राहू द्या. त्यांचं गुपित तुम्ही राखलंत, हाही तिथे दाखला ठरतो.

महापे_दुपारपाळी:
सगळ्यांचे आभार. 'भीती'चा रकाना आजच उघडतो. अडचण एकच, एमडी २० मिनिटं बसतच नाहीत.

ऐरोलीकर:
ठाण्याहून येतात का? मग सकाळी गाडीत असताना फोन करा. विटाव्याच्या पुलाखाली अडकले की हवा तेवढा वेळ मिळतो. फक्त प्रश्न आदल्या रात्री पाठवा, आणि गाडी ड्रायव्हर चालवतोय ना, ते आधी विचारा.