ठाणे-नवी मुंबईहून अलिबाग, काशीद, फणसाड, मुरुड : अनुभव धागा

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे एकच विचारणा सुरू होते : अलिबागला राहायचं कुठे? ते शेवटी ठरवलं तरी चालतं. आधी बघायचं ते पाणी किती वाजता उतरतंय. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्याची वाट, करंजाहून रेवसला जाणारी लाँच, समुद्रात उतरणं, सगळं त्याच्यावर आहे. अष्टागरापासून (अलिबागच्या आसपासची किनाऱ्यावरची गावं) मुरुडपर्यंतच्या पट्ट्याची ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी इथे लिहावं, वर नावाऐवजी आपण राहतो त्या भागाचं नाव टाकून. प्रवासवर्णन नको. वेळ, वाट, काय चुकतं आणि का चुकतं, एवढंच.

कोपरखैरणे

मग भरतीपासूनच सुरुवात. कोळीवाड्यात आजही चालणारा हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. छापील तक्त्याशी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मुंबईचा भरतीचा तक्ता बघून घ्या. अलिबागला तो पुरतो.

खरी चूक पुढे होते. लोक फक्त ओहोटीची वेळ बघतात, तिथी बघत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते, सहलीला अगदी सोयीची वाटते, पण पाणी पुरतं उतरतच नाही. किल्ल्याच्या वाटेवर तेव्हाही पाणी राहतं. उलट पौर्णिमेला वाट मोकळी होते, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. मुलांना घेऊन जायचं तर चतुर्थी-पंचमी धरा. ओहोटी सकाळी नऊ-दहाला येते आणि वाटही बऱ्यापैकी कोरडी मिळते.

ऐरोली

गाडीने जाणाऱ्यांसाठी. ठाण्याहून कळवा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रस्ता, मग सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली, पळस्पे फाटा आणि गोवा महामार्गाने पेण, वडखळ. घोडबंदरकरांना मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा हा रस्ताही आहे, मात्र तिथे अवजड वाहनं फार. वडखळला महामार्ग सोडून अलिबागचा रस्ता धरायचा, पुढे पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. तिथून मुरुड आणखी पन्नासेक किलोमीटर, पण रस्ता चौल, रेवदंडा अशा गावांमधून आणि वाड्यांमधून जातो. त्याला दीड-दोन तास धरा.

शनिवारी पहाटे पाचच्या आत घर सोडलं तर वडखळ मोकळं मिळतं. साडेसातनंतर पोहोचलात तर तिथेच तास जातो, कारण गोव्याकडची आणि अलिबागची गर्दी तिथवर एकाच रस्त्यावर असते. रविवारी परतताना चार ते नऊ या वेळात पोयनाड ते वडखळ हा टप्पा टाळाच. मुरुडहून निघत असाल तर अलिबागला परत न जाता रोहा, नागोठणे करून महामार्गाला लागा. अंतर वाढलं तरी रांगेत अडकणं वाचतं.

नेरुळ

गाडीशिवायही जाता येतं आणि आपल्याला ते मुंबईकरांपेक्षा सोपं आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. नेरुळ किंवा बेलापूरहून उरण, तिथून रिक्षाने करंजा बंदर, करंजाहून लाँचने रेवस, रेवसहून एसटी किंवा विक्रमने (मोठी रिक्षा) अलिबाग. दुचाकीही लाँचमध्ये चढवतात. उधाणाच्या ओहोटीला खाडीत गाळ उघडा पडतो आणि लाँचचं वेळापत्रक सरकतं, म्हणून त्या दिवशी परतीची शेवटची फेरी गृहीत धरू नका, धक्क्यावर उतरताच विचारून ठेवा. पावसाळ्यात वाऱ्यापावसानुसार फेऱ्या बंद राहतात.

सामान जास्त असेल तर सरळ पनवेल स्थानकातून अलिबाग किंवा मुरुडची एसटी. गेटवे-मांडवा बोटीच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते हे खरं, पण ठाण्याहून आधी गेटवेला जायचं म्हणजे अर्धा दिवस उलट्या दिशेने.

कळवा

कुलाबा किल्ल्याबद्दल. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्याकडे वळा. पाणी समोरून येतं असं लोक समजतात. प्रत्यक्षात किल्ला आणि किनारा यांच्यातला सखल भाग आधी भरतो, त्यामुळे तटावरून सगळं कोरडं दिसत असताना परतीची वाट बंद झालेली असते. घोडागाडीवाले परत फिरू लागले की आपणही निघायचं, त्यांच्याइतका अंदाज दुसऱ्या कुणाला नसतो. वाटेवरचे खडक कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले आहेत, धार ब्लेडसारखी. रबरी चपला निसटतात, अनवाणी पाय कापतात. मागे पट्टा असलेली सँडल घाला.

आत तटाचे दगड नीट बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, पुढे आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचं मुख्य ठाणं झाला. गणेश पंचायतनाचं देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलं. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची सोय आहे. उत्तरेच्या तटावर गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव वाचता येतं. शेजारचा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट.

पाणी उतरायची वाट बघत थांबावं लागलं तर वेळ शहरात घालवा. कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे. इस्रायल आळीत मागेन आबोथ हे बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे. हा समाज कोकणात तेलाच्या घाण्यावर होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचे पूर्वज जहाज फुटून जिथे किनाऱ्याला लागले असं मानतात, ते नवगाव इथून जवळच आहे. चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेची मोजमापं इकडे हलवावी लागली.

खारघर

फणसाडबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण काशीदला जाणारे हजारो लोक त्याच्या पायथ्याशी येऊन परत जातात.

हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. राखीव होतं म्हणून तोडीतून वाचलं, आणि १९८६ मध्ये अभयारण्य झालं. समुद्रापासून इतक्या जवळ असं जुनं मिश्र जंगल कोकणात आता फार ठिकाणी उरलेलं नाही. ऐन, किंजळ, जांभूळ, सावर, अंजनी, आणि गारंबीचे प्रचंड वेल. गारंबीची शेंग हातभरापेक्षा लांब होते, बिया चपट्या, तपकिरी. खाली पडलेली बीसुद्धा उचलून आणायची नाही, अभयारण्यातून काहीच बाहेर नेता येत नाही.

प्रवेश सुपेगावच्या बाजूने. किनाऱ्याच्या रस्त्यावरून आत वळावं लागतं. प्रवेश, वाहन आणि कॅमेऱ्याचं शुल्क नाक्यावर भरायचं, रोख जवळ ठेवा, फोनला रेंज बेताची असते. गावातला वाटाड्या घ्याच. पायवाटा एकसारख्या दिसतात आणि पानगळीनंतर तर जमिनीवर वाट उरतच नाही. शिवाय शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर, हे त्यालाच ठाऊक.

इथे पाणवठ्यांना गाण म्हणतात : फणसाड गाण, चिखल गाण अशी नावं. मार्च ते मे या काळात बाकी झरे आटतात आणि जनावरं गाणीवर येतात. तेव्हा सांबर, भेकर, रानडुक्कर दिसण्याची शक्यता सर्वात जास्त. बिबट्या आहे, पण तो दिसेल या आशेने जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी चांगला. वेळ सकाळी सहा-साडेसहा ते दहा. दहानंतर जंगल गप्प होतं.

शेकरू आपला राज्यप्राणी, आणि तो इथे खरोखर दिसतो. जमिनीकडे बघत चालाल तर मात्र हुकेल. तो शेंड्यावरून शेंड्यावर जातो. एक मोठा खडखडाटी आवाज येतो, पक्ष्याचा वाटतो, तो शेकरूचा. आवाज आला की थांबायचं, पाच मिनिटं हलायचं नाही. फांदी हलते तिथे लांब झुपकेदार शेपटी लोंबताना दिसते. घरटं काटक्या-पानांचं, फांद्यांच्या दुबेळक्यात. एकाच शेकरूची अशी बरीच घरटी असतात.

उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीही वसती आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशभर गिधाडं संपत आली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. घरट्याखाली जमायचं नाही, ड्रोन तर मुळीच नाही. वर्षाला एकच अंडं असतं, जोडी उडाली की ते उघडं पडतं.

कपडे मातकट रंगाचे, पँट मोज्यात खोचलेली. गवतात गोचीड असते. चिकटली तर तेल लावू नका, चटका देऊ नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. माणशी दोन लिटर पाणी.

घोडबंदर रोड

काशीद देखणा आहे, पांढरी वाळू, सुरूची झाडं, पण उतार तीव्र आहे. कमरेपासून गळ्यापर्यंतचं अंतर चार पावलांचं. परत जाणारी लाट पायाखालची वाळूच ओढून नेते. दर वर्षी इथे माणसं बुडतात, आणि त्यांतले बरेच जण पोहता येणारे असतात. किनारा नागाव किंवा अलिबागसारखा सपाट समजणं हीच चूक.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत आहे, पाणी गढूळ, फेस खोल समुद्राकडे चाललाय, तर तो शांत पट्टा म्हणजे ओढ. तिथेच लोक मुलांना घेऊन उतरतात, कारण लाट नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे. भरती उतरत असताना, जेवणावर आणि दारू पिऊन पाण्यात जायचंच नाही. जून ते सप्टेंबर तर गुडघ्यापलीकडे अजिबात नाही.

पावसाळ्यात निळे फुगे (ब्लू बॉटल, जेलीफिशसारखे विषारी जीव) वाळूवर येतात. त्यांचे धागे मेल्यावरही डसतात. डसलं तर चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुऊन धागे काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग ठेवा.

बेलापूर

कोर्लई आणि जंजिरा एका दिवसात होतात, पण जंजिरा सकाळी ठेवा.

होड्या राजपुरीहून सुटतात. बसण्याआधी विचारा : किल्ल्यावर किती वेळ थांबणार? बहुतेक वेळा तास-पाऊण तास मिळतो आणि त्यात तट, तोफा, दोन तलाव आणि बालेकिल्ला होत नाही. सगळं जमवण्यापेक्षा आधी तोफा बघून तटावर चढा. दरवाज्याशी होडी वरखाली होत असते. ती वर येते त्या क्षणी पाय टाकायचा, नावाड्याने हात दिल्याशिवाय नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या. दरवाज्याजवळचं शिल्प बघा : हत्तींना पंजात दाबून धरलेलं श्वापद. सिद्दींची सत्ता १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकली. संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला होता, होडीतून ते अंतर बघितलं की त्या कामाचं धाडस कळतं. पावसाळ्यात किल्ला बंद. राजपुरीच्या वाटेवरचे खोकरीचे घुमट, सिद्दी सरदारांच्या कबरी, वगळू नका. अर्धा तास पुरतो.

मुरुडसमोर पाण्यात दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून उभारलेला. त्याच्या तटात दगड खाऱ्या वाऱ्याने झिजले आहेत आणि मधला चुना तसाच पुढे आलेला आहे.

कोर्लईला दुपारी चारनंतर, दीपगृहाच्या बाजूने चढा, वीस-पंचवीस मिनिटं. गावातला रस्ता अरुंद, मोठी गाडी अलीकडेच लावा. किल्ला पोर्तुगीजांचा, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही घरात बोलली जाते. तिला ते नौलिंग म्हणतात. घरांत डोकावून व्हिडिओ काढू नका. खाडीपलीकडचा रेवदंडा कोट आणि त्यातला सातखणी बुरूज परतीच्या वाटेवर आहेच.

वाशी

जेवण सकाळीच सांगून ठेवा. नागावच्या घरगुती खानावळी ताटं मोजून मासे आणतात, दीड वाजता अचानक सहा जण गेलात तर डाळभातच मिळेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा "ताजी सुरमई" कुणी सांगितली तर जिताडा विचारा. तो इथल्या खाजणातल्या तळ्यांतला, पावसातही ताजा.

हिवाळ्यात पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा बेत. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, थरांमध्ये जाडं मीठ आणि ओवा, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाणी थेंबभरही नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर शिजतं. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या, अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडून बघा. चर्र होऊन लगेच उडालं तर झाली. पाला सैल राहिला तर वाफ निसटते आणि शेंगा करपतात.

पांढरा कांदा (२०२२ पासून भौगोलिक मानांकन) कार्लेखिंडीच्या आसपास वेण्यांमध्ये टांगलेला मिळतो, साधारण फेब्रुवारीपासून. माना सुकलेल्या, वेणी घट्ट असेल तीच घ्या. ओली वेणी घरी येईपर्यंत गाडीत तापून सडते. घरी बांधून ठेवू नका, हवेवर टांगा.

ऐरोली

एक पुरवणी. गाडी वाळूवर उतरवू नका. बंदी आहेच, आणि ओली वाळू वरून कठीण दिसली तरी चाक थांबलं की खाली पाणी सुटतं. फसलीच तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. माणसं उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा निम्म्यावर आणा, पायपुसण्या चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. भरती चढत असेल तर हे करत बसू नका, लगेच गावातला ट्रॅक्टर बोलवा. बाहेर आल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, ब्रेकवर खास लक्ष द्या, आणि हवा भरल्याशिवाय वडखळचा रस्ता धरू नका.