दुखत नाही म्हणजे वरवरचं, असं नव्हे

"आग होत नाही, म्हणजे भाजणं वरवरचंच" हे म्हणणं मला पटत नाही. पुष्कळदा उलटंच असतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी टाकताना आमच्या काकूंचा हात तापलेल्या खापराला, म्हणजे पोळी भाजायच्या उपड्या मातीच्या भांड्याला, टेकला. मनगटाजवळ लालभडक, फोड आलेली जागा. तिथे नुसता वारा लागला तरी कळवळायच्या. कोपराकडे मात्र रुपयाएवढा पांढरट, चामड्यासारखा डाग, डॉक्टरांनी टाचणी टोचली तरी पत्ता नाही. आणि आम्ही सगळे त्या फोडांच्याच मागे! फोड १४-१५ दिवसांत भरले, पांढऱ्या डागाने २ महिने घेतले.

वरवर भाजलं तर केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी खाली शाबूत राहतात आणि नवी कातडी तिथूनच जागोजागी उगवते. खोल भाजलं की तीही जळतात आणि वेदना कळवणाऱ्या नसाही. मग कातडीला फक्त कडेकडून सरकत यावं लागतं. डाग मोठा असता तर मांडीची कातडी काढून लावायची वेळ आली असती. भरल्यानंतरची खाज वेगळीच. वर्ष होत आलं, अजून आहे; जळगावच्या उन्हात तर विचारूच नका.