सांकेतिक भाषेत प्राण्यांची नावं शिकायची आहेत, कुठून सुरुवात करू?

गोदाकाठ: माझी भाची चार वर्षांची आहे, जन्मापासून कर्णबधिर. दिवाळीत आठ दिवस आमच्याकडे नाशिकला येतेय. तिला प्राण्यांचं भारी वेड. गल्लीतलं कुत्रं दिसलं तरी माझी ओढणी ओढते आणि तोंडाकडे बघत राहते. मला हत्तीची सोंड सोडली तर काही येत नाही. यूट्यूबवरून वीस प्राणी पाठ केले, तर बहीण म्हणाली, "ताई, हे अमेरिकन आहे." आता?

रानवाट: बहिणीचं बरोबर आहे. दोन्ही भाषा वेगळ्या. त्यांची इंग्रजी अक्षरं एका हाताने होतात, आपली दोन हातांनी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश यूट्यूबवर फुकट आहे. २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० झाले. तिथूनच शिका.

आईची_वही: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, कर्णबधिर. शब्दकोश बघाच, पण आधी बहिणीकडून घरातल्या खुणांचे व्हिडिओ मागवा. गावागावांत खुणा बदलतात. पोरीला जी येते, तीच आधी शिका.

आणि एक कळकळीने सांगते. आपण चित्रावर बोट ठेवतो आणि त्याच वेळी बोलतो. ऐकणारं मूल चित्र बघता बघता ऐकतं. आपल्या लेकरांना चित्र आणि हात एकाच वेळी कसे दिसणार? मी वर्षभर हीच चूक केली. तो पुस्तकातली गाय बघत असायचा आणि मी त्याच्या डोक्यावरून शिंगं दाखवायचे. तेव्हा भाचीला आधी पोटभर बघू द्या. तिने मान वर केली, नजरेला नजर मिळाली, की खूण करा. नाहीतर पुस्तकाला लागूनच हात धरा, म्हणजे दोन्ही एकदम दिसतं. चेहराही हलू द्या. वाघ करताना चेहरा कोरा ठेवला तर मुलांना मजा येत नाही.

गोदाकाठ: ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं! आज व्हिडिओ कॉलवर थांबून, तिने बघितल्यावर चिमणी केली. तिने जोरात मान हलवली आणि स्वतःच्या ओठांपुढे दोन बोटांची चोच उघडमीट करून दाखवली. मी ती हनुवटीखाली करत होते. तीनदा करून घेतली माझ्याकडून. आता तिला म्हैस हवी आहे. बहिणीलाही येत नाही, आज रात्री शब्दकोशात शोधते.