कोल्डप्ले : मवाळ की मिळमिळीत?

पाचपाखाडीचा बेसवाला
जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले, तेव्हापासून आमच्या मित्रमंडळीत त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची सोय राहिलेली नाही. म्हणून इथे काढतो. हा बँड कंटाळवाणा आहे. वाईट नाही, कंटाळवाणा. २००० चा 'पॅराशूट्स' आणि २००२ चा 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' हे त्यांचे अल्बम मी आजही ऐकतो, पोटात कालवाकालव होते. पुढे मात्र बहुतेक एकच साचा : हळू सुरुवात, मग ड्रम्स, मग सगळ्यांनी मिळून ओ-ओ-ओ, वरून रंगीत कागदांचा पाऊस. शब्दांत तारे, आकाश, उजेड. राग नाही, खोडी नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन परेलेसने त्यांना दशकातला सर्वांत असह्य बँड म्हटलं होतं. मी तेवढं म्हणत नाही. मला झोप येते, एवढंच.

सीवूड्सची सानिका
शोला होतात का दादा? हातातल्या पट्ट्यांचे दिवे गाण्याच्या ठेक्यावर एकदम पिवळे झाले ना, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले काका, जे तासभर नुसते घड्याळ बघत होते, ते मनगट वर धरून उभे राहिले. झोप कसली येतेय!

पाचपाखाडीचा बेसवाला
दिव्यांचं कौतुक मी गणपतीच्या आराशीचंही करतो. गाण्याबद्दल बोल.

कळव्याची पेटीवाली
मी बोलते. 'क्लॉक्स'चा पियानो पेटीवर काढून बघा. आठ सुरांचा घोळका ३-३-२ असा तुटतो. सम जागेवरच येते, पण मधले ठोके आडवे जातात. माझा डावा हात भात्यावर आणि उजवा सारखा चुकतोय, अशी अवस्था झाली होती. या गाण्याला २००४ मध्ये रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. वरचा आवाज शांत आहे म्हणून खालची गंमत कानावर येत नाही, त्याला बँड काय करणार? आणि भावगीतांवर वाढलेले आपण मवाळपणाला नावं ठेवणार? 'शुक्रतारा'त कोण ओरडतंय?

पाचपाखाडीचा बेसवाला
ताई, 'शुक्रतारा'च्या संगीतकाराला, खळेकाकांना, मध्ये आणू नका. त्यांची चाल ऐकायला साधी, गायला बसलं की घाम फुटतो. ठाण्यात राम मारुती रोडला दिवाळी पहाटेला बघा, मुखड्याला सगळे सूर लावतात आणि अंतरा आला की हळूच फोन बघायला लागतात. कोल्डप्लेचं गाणं पहिल्यांदा ऐकणाराही दुसऱ्या कडव्यापर्यंत म्हणायला लागतो. माझं दुखणं तिथेच आहे. पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असतं.

वाशीचा मेटलवाला
माझी तक्रार वेगळीच. जिममध्ये तेच, कॅबमध्ये तेच, लग्नात स्टार्टरच्या काउंटरपाशी तेच. कुणालाच न खटकणारं संगीत सगळीकडे लावता येतं ना!

चरईचे काका
राग नाही, खोडी नाही म्हणता? २००८ चं 'व्हिवा ला व्हिडा' ऐका. गादी गेलेला राजा, एके काळी स्वतःच्या मालकीचे असलेले रस्ते झाडतोय. हे काय तारे-आकाश आहे? त्या अल्बमला ब्रायन ईनो निर्माता होता आणि तो कानाला कळतो.

पाचपाखाडीचा बेसवाला
कळतो. पण काका, त्या राजालाही शेवटी ओ-ओ-ओ करायला लावलंच की!

कळव्याची पेटीवाली
मग काय बिघडलं? स्टेडियमभर माणसं, निम्मी बेसूर, तरी गाणं मोडत नाही. त्यासाठी पट्टी कुठे ठेवायची, स्वर कुठे लांबवायचा, श्वासाला जागा कुठे सोडायची, हे सगळं आधी बसवावं लागतं. एकट्या तयारीच्या गळ्यासाठी बांधलेली चाल आणि हजारो कच्च्या गळ्यांसाठी बांधलेली चाल, दोन्ही कामं निराळी आहेत. दुसरं सोपं वाटत असेल तर एक मुखडा बांधा आणि सोसायटीच्या गॅदरिंगला गाऊन घ्या. पेटीला मी येते.

पाचपाखाडीचा बेसवाला
टाळ्या मिळतीलही. तुम्ही परत ऐकाल का, ते सांगा.